घरप्रपंच : साखरपुड्याला हिऱ्याची अंगठी घेताना



तुळशीचे लग्न उरकले की गावोगावी सोयरिकीची बोलणी सुरू होतात. सोयाबीन बाजारात गेलेले असते, कापसाची वेचणी चालू असते, हाती चार पैसे आलेले असतात. घरोघरी मुलामुलींच्या पत्रिका बाहेर निघतात. यंदा आमच्याकडे आलेल्या पत्रांत एक प्रश्न पुन्हा पुन्हा दिसतो. सोयरीक जमते, पाहुणे समंजस असतात, देण्याघेण्याचा हट्ट नसतो. पण साखरपुडा आठ-पंधरा दिवसांवर आला की निरोप येतो : अंगठ्या हिऱ्याच्या असू द्या, आजकाल सगळेच घालतात. घरात आजवर कुणी हिरा हाती घेऊन पाहिलेला नसतो. घरधनी म्हणतात, कारभारणीच्या पाटल्या तारण ठेवू. कारभारणीच्या मनात धाकधूक असते की पाटल्या जातील आणि बदल्यात काचेचा खडा पदरी येईल.

या पत्रांत दोन प्रश्न आहेत. हिऱ्याची अंगठी घ्यावी का, हा पहिला. घ्यायचीच ठरली तर कशी घ्यावी, हा दुसरा. दोन्हींचा विचार आज करू.

ही चाल आली कुठून ?

साखरपुडा या नावातच साखरेचा पुडा आहे. मुलीला कुंकू लावावे, साडीचोळी द्यावी, हाती साखरेचा पुडा द्यावा, चार वडीलधाऱ्यांसमक्ष शब्द पक्का करावा, एवढाच तो विधी. अंगठीची चाल त्यात मागाहून आली आणि हिऱ्याची तर अलीकडे.

हिरा मात्र आपल्या देशाला परका नाही. अठराव्या शतकात ब्राझीलमध्ये हिरे सापडेपर्यंत जगाला हिरे मुख्यतः भारतच पुरवीत असे. कृष्णाकाठच्या कोल्लूरसारख्या खाणींतला माल गोवळकोंड्याच्या बाजारात येई आणि तेथून देशोदेशी जाई. मध्य प्रदेशातील पन्ना जिल्ह्यात आजही साधी माणसे सरकारकडून जमिनीचा लहानसा पट्टा घेऊन हिरे शोधतात. सापडलेला हिरा सरकारी हिरा कार्यालयात जमा होतो व त्याचा लिलाव होतो.

१८६७ साली दक्षिण आफ्रिकेत हिरा मिळाला आणि पुढे तिथे खाणींची रांग लागली. डी बीअर्स या जगप्रसिद्ध हिरे कंपनीचे नाव डी बीअर या शेतकरी भावांवरून पडले आहे. त्यांच्या शेतात हिरे निघाले. लोकांची झुंबड उडाली तेव्हा त्यांनी १८७१ साली ती जमीन विकून टाकली. शेत गेले, नाव तेवढे राहिले.

माल भरपूर निघू लागला, तेव्हा तो खपविण्यासाठी जाहिरातीची गरज भासली. १९४७ साली या कंपनीसाठी अमेरिकेत हिरा म्हणजे अक्षय प्रेमाची खूण अशा अर्थाची जाहिरात लिहिली गेली, आणि वाङ्‌निश्चयाला हिराच हवा ही समजूत तिकडे घट्ट रुजली. तीच पुढे सिनेमातून व शहरातून आपल्या गावापर्यंत आली. तेव्हा हिरा नसला तर साखरपुडा अपुरा राहतो, असे आपल्या कोणत्याही शास्त्रात वा रूढीत नाही. हे एकदा मनाशी पक्के असले की दुकानाची पायरी चढताना माणूस दबत नाही.

ऐपत आणि अट

हौसेने, आपल्या ऐपतीत, मुलीला हिऱ्याची अंगठी करणे यात गैर काही नाही. मात्र अंगठी नसेल तर सोयरीक मोडू, असे कुणी सुचवीत असेल तर ती हौस राहत नाही, ती मागणी होते. १९६१ च्या हुंडा प्रतिबंधक कायद्याने अशी मागणी गुन्हा ठरते. न मागता, रूढीप्रमाणे व ऐपतीला धरून दिलेल्या भेटींना कायद्याची आडकाठी नाही, पण त्यांची यादी करून ठेवावी लागते. वेळ आली तर मध्यस्थांमार्फत स्पष्ट बोलावे. समंजस व्याही असेल तर दोन्ही घरे मिळून साध्या सोन्याच्या अंगठ्या करतात आणि प्रश्न तिथेच मिटतो.

आता पाटल्या तारण ठेवण्याविषयी. शेतकऱ्याच्या घरी सोने म्हणजे अडीनडीची पुंजी. पेरणीला, दवाखान्याला, मुलांच्या फीला तेच उपयोगी पडते. सोनेतारण कर्ज देताना बँक फक्त सोन्याचे वजन व कस धरते. खड्याची किंमत धरू नये असा रिझर्व्ह बँकेचा नियमच आहे. म्हणजे पाटल्या गहाण टाकून हिरा घेतला, तर अडचणीला चालणारी वस्तू देऊन अडचणीला न चालणारी वस्तू आपण घरात आणतो, आणि वर व्याज भरतो. ऋण काढून सण करू नये म्हणतात, ते इथे अक्षरशः लागू आहे. हिरा घ्यायचा तर शिलकेतून घ्यावा. शिल्लक नसेल तर घेऊ नये.

एकाच नावाची दोन मापे

दुकानात पहिला गोंधळ होतो तो कॅरट या शब्दाचा. सोन्याचा कॅरट म्हणजे कस. २४ भागांपैकी किती भाग शुद्ध सोने, ते त्यावरून कळते. १८ कॅरट म्हणजे चोवीसपैकी अठरा, अर्थात शेकडा ७५ भाग सोने. हिऱ्याचा कॅरट म्हणजे वजन. एक कॅरट म्हणजे २०० मिलिग्रॅम, आणि पाच कॅरटचा एक ग्रॅम होतो. जुन्या मापाने पाहिले तर एक कॅरट हा गुंजेच्या दीडपटीहून थोडा अधिक भरतो. एका कॅरटचे शंभर भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे एक सेंट. पंचवीस सेंटचा हिरा म्हणजे पाव कॅरट.

पाव कॅरटचा गोल हिरा साधारण चार मिलिमीटर रुंद, म्हणजे टपोऱ्या ज्वारीच्या दाण्याएवढा असतो. अर्ध्या कॅरटचा पाचाच्या किंचित वर आणि एक कॅरटचा साडेसहा मिलिमीटरच्या आसपास. वजन चौपट झाले तरी रुंदी चौपट होत नाही, हे यावरून दिसेल. किंमत मात्र चौपटीहूनही पुष्कळ वाढते, कारण मोठा खडा दुर्मिळ असल्याने त्याचा दर कॅरटमागेही चढा असतो. म्हणूनच दहा-दहा सेंटचे पाच खडे आणि अर्ध्या कॅरटचा एक खडा यांचे वजन सारखे असले तरी किंमत सारखी नसते. अंगठीत अनेक खडे असतील तर एकूण वजनावर समाधान मानू नये. खडे किती आणि प्रत्येकी केवढे, हे विचारावे.

हिऱ्याचे चार गुण

हिऱ्याची किंमत चार गोष्टींवर ठरते : वजन, पैलू, रंग आणि निर्मळपणा.

वजनाचे वर आलेच. उरलेल्या तिन्हींत पैलू सर्वांत महत्त्वाचे. गोल हिऱ्याला साधारण ५७ किंवा ५८ पैलू असतात. ते नेमक्या कोनात पाडलेले असतील तर आत शिरलेला उजेड वरच्या बाजूने परत येतो आणि हिरा चमकतो. पैलू चुकले तर उजेड खालून निसटतो आणि चांगल्या प्रतीचा खडाही मंद दिसतो. मोठा पण मंद खडा घेण्यापेक्षा लहान पण उत्तम पैलूंचा खडा घेणे केव्हाही बरे.

रंगाची प्रत इंग्रजी अक्षरांनी सांगतात. डी म्हणजे पूर्ण पांढरा. तिथून झेडपर्यंत पिवळसर झाक वाढत जाते. पिवळ्या सोन्यात बसवायचा असेल तर एच, आय, जे या प्रतीचा हिराही डोळ्यांना पांढराच दिसतो. डी-ईसाठी जास्तीचे पैसे मोजण्याची आपल्याला गरज नाही.

निर्मळपणा म्हणजे आतील डाग, रेषा, चिरा यांचे प्रमाण. दहापट मोठे दाखविणाऱ्या भिंगातून पाहून तो ठरवितात. व्हीव्हीएस, व्हीएस, एसआय आणि आय अशा त्याच्या उतरत्या पायऱ्या आहेत. व्हीएस प्रतीतील डाग नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत, चांगल्या एसआयमध्येही बहुधा दिसत नाहीत. आय प्रतीत मात्र डाग दिसू लागतात आणि चमकही उणावते. स्वस्त म्हणून ती घेऊ नये.

खडा पाहावयाचा तो दुकानाच्या झगमगत्या दिव्यांखाली पाहू नये. त्या उजेडात काचही चमकते. दुकानदाराला सांगून दारापाशी, दिवसाच्या उजेडात, पांढऱ्या कागदावर ठेवून पाहावा.

खाणीतला, यंत्रातला आणि नकली

आज बाजारात हिरा म्हणून तीन प्रकारचे खडे दिसतात, आणि फसगत होते ती इथेच.

पहिला खाणीतला, म्हणजे नैसर्गिक हिरा.

दुसरा प्रयोगशाळेत वाढविलेला. असा हिरा बनविण्यात अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीला १९५४ साली यश आले. आता सुरतेसह अनेक ठिकाणी यंत्रात असे हिरे तयार होतात. हा नकली नव्हे. तोही कार्बनच, तेवढाच कठीण आणि तसाच चमकदार. नुसत्या डोळ्यांनी सराफालाही तो ओळखता येत नाही, त्याला खास यंत्र लागते. पण यंत्रातून हवा तेवढा माल निघत असल्याने त्याची किंमत नैसर्गिक हिऱ्याच्या मानाने फारच कमी असते. गेल्या काही वर्षांत ती झपाट्याने उतरलीही आहे, आणि मोडीला त्याला फारशी किंमत येत नाही. शोभेसाठी, समजून-उमजून, कमी पैशात घेतला तर त्यात वाईट काही नाही. नैसर्गिक म्हणून नैसर्गिकाच्या भावाने गळ्यात पडला, तर ती फसवणूक.

तिसरा नकली. अमेरिकन डायमंड म्हणतात तो झिरकोनियाचा कृत्रिम खडा. त्याचा हिऱ्याशी संबंध नाही. मॉइसनाइट नावाचा आणखी एक खडा आहे. हिरा तपासण्याचे साधे पेनसारखे यंत्र उष्णता किती वाहते ते पाहते, आणि मॉइसनाइट त्या यंत्रालाही चकवतो. त्यामुळे यंत्राचा दिवा लागला एवढ्यावर विश्वास ठेवू नये.

ऐरणीवर ठेवून घाव घालावा, खरा असेल तर फुटणार नाही, असे जुनी माणसे सांगतात. ती परीक्षा कुणी करू नये. हिऱ्यावर ओरखडा उठत नाही हे खरे, पण तो ठिसूळ असतो. घावाने खरा हिराही फुटतो.

मग खात्री कशी करावी ? आपण बियाण्याची पिशवी घेताना टॅग आणि लॉट नंबर पाहतो, तशीच हिऱ्याची चिठ्ठी पाहावी. जीआयए, आयजीआय यांसारख्या स्वतंत्र प्रयोगशाळा हिरा तपासून प्रमाणपत्र देतात. त्यावर चारही गुण, माप आणि क्रमांक असतो. खडा यंत्रातला असेल तर तेही लिहिलेले असते. हा क्रमांक प्रयोगशाळेच्या संकेतस्थळावर तपासता येतो. घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलाला सोबत न्यावे, तो मोबाईलवर दोन मिनिटांत पाहील. दुकानाने स्वतःच छापलेले गॅरंटी कार्ड म्हणजे प्रमाणपत्र नव्हे.

सोन्याची बाजू

हिऱ्याची अंगठी बहुधा १८ कॅरट सोन्यात करतात. २२ कॅरट सोने मऊ असल्याने त्यात खडा घट्ट राहत नाही. यात लबाडी नाही, पण भाव मात्र १८ कॅरटचाच लागला पाहिजे.

१६ जून २०२१ पासून ठरावीक जिल्ह्यांत हॉलमार्क सक्तीचा झाला आणि पुढे जिल्हे वाढत गेले. अंगठीच्या आतल्या बाजूस तीन खुणा असतात : भारतीय मानक ब्युरोचे चिन्ह, कस (१८ कॅरटसाठी ७५०), आणि अंक व अक्षरे मिळून सहा खुणांचा एचयूआयडी क्रमांक. १ एप्रिल २०२३ पासून हा सहा खुणांचा क्रमांकच ग्राह्य आहे. बीआयएस केअर या मोबाईल ॲपमध्ये तो घातला की दागिन्याची माहिती दिसते. कस कमी निघाला तर कमी पडलेल्या किमतीच्या दुप्पट रक्कम व तपासणीचा खर्च ग्राहकाला मिळावा असा नियम आहे.

दोन गोष्टी ध्यानात असू द्याव्यात. दोन ग्रॅमच्या आतील दागिन्याला हॉलमार्कची सक्ती नाही, तेव्हा फार हलकी अंगठी घेताना दक्ष राहावे. आणि हॉलमार्क फक्त सोन्याची हमी देतो, हिऱ्याविषयी तो काहीच सांगत नाही.

हिशेब असा मांडावा

समजण्यास सोपे जावे म्हणून आम्ही खाली धरलेले भाव घेतले आहेत. आपण त्या दिवशीचे खरे भाव घालावेत.

अंगठीचे एकूण वजन ४ ग्रॅम. त्यात हिरा ३० सेंटचा, म्हणजे ०.०६ ग्रॅम. निव्वळ सोने ३.९४ ग्रॅम. शुद्ध सोन्याचा भाव ग्रॅमला १२,००० रुपये धरला, तर १८ कॅरटचा ९,००० रुपये. सोन्याची किंमत झाली ३५,४६० रुपये. घडणावळ शेकडा १५ प्रमाणे ५,३१९ रुपये. हिरा कॅरटला ६०,००० या दराने १८,००० रुपये. बेरीज ५८,७७९ रुपये. त्यावर शेकडा ३ प्रमाणे जीएसटी १,७६३ रुपये. हॉलमार्कचे ४५ रुपये व त्यावरील कर मिळून सुमारे ५३ रुपये. एकूण ६०,५९५ रुपये.

आता यात मोडीला किंवा तारणाला खात्रीने धरली जाणारी रक्कम पाहा. ती सोन्याची, म्हणजे ३५,४६० रुपये. उरलेल्या २५,१३५ रुपयांपैकी घडणावळ आणि कर परत येत नाहीत, आणि हिऱ्याचे काय येईल ते दुकानदाराच्या अटींवर अवलंबून राहते. म्हणून पैसे देण्याआधी विचारावे : ही अंगठी उद्या परत आणली तर हिऱ्याला किती धराल ? बदलीत किती आणि रोखीत किती ? तोंडी उत्तर नको, पावतीवर लिहून घ्यावे. जे लिहून देत नाहीत, त्यांच्याकडून हिरा घेऊ नये.

खड्याचे वजन सोन्यात धरलेले नाही ना, हेही पाहावे. बारीक खडे मिळून एक कॅरट असतील तर ०.२ ग्रॅम वजन होते. ते सोन्याच्या भावाने लावले तर वरच्या हिशेबाने १,८०० रुपये जातात, आणि त्याच खड्यांचे पैसे आपण वेगळे भरलेलेच असतात.

कोंदण, माप आणि निगा

शेतात राबणाऱ्या हाताला अंगठी करताना कोंदणाचा विचार आधी करावा. नुसत्या नख्यांवर उचलून धरलेला खडा जास्त चमकतो, पण नखी कापसात, साडीच्या पदरात, चाऱ्याच्या पेंढीत अडकते, वाकते, आणि खडा केव्हा पडला ते कळतही नाही. सभोवती सोन्याची कड असलेले बसके कोंदण आपल्या कामाला बरे. मागची बाजू मात्र उघडी असावी, म्हणजे खडा नीट पाहता येतो व साफही करता येतो.

बोटाचे माप ऐन थंडीत सकाळी घेऊ नये. बोट तेव्हा बारीक असते, संध्याकाळी व उन्हाळ्यात ते फुगते. माप दुपारनंतर घ्यावे आणि मुलीला स्वतः नेऊन घ्यावे. अंगठी मुहूर्ताच्या पंधरा दिवस आधी हाती यावी, म्हणजे सैल-घट्ट करायला वेळ राहतो.

हिऱ्याला तेलतूप चटकन चिकटते. कणीक मळताना, धार काढताना, शेणगोठा करताना अंगठी काढून ठेवावी. मंद झाली तर कोमट पाण्यात साधा साबण घालून मऊ ब्रशने घासावी. घासताना खाली वाटी असावी, मोरीत धुऊ नये. वर्षातून एकदा सराफाकडून कोंदण तपासून घ्यावे.

हिरा लाभतो की नाही याची अनेकांना शंका असते. ज्यांची श्रद्धा असेल त्यांनी आधी घरच्या वडीलधाऱ्यांना विचारून घ्यावे. खरेदीनंतर शंका काढली तर परत करताना नुकसान आपलेच होते.

पावती आणि नाव

पक्की पावती घेतल्याशिवाय दुकान सोडू नये. कच्च्या चिठ्ठीवर कर वाचतो म्हणून कुणी भुलवील, पण उद्या तक्रार करायची झाली तर हाती काही राहत नाही. पावतीवर निव्वळ सोन्याचे वजन, कस, हॉलमार्कचा खर्च, हिऱ्याचे कॅरटमधील वजन, रंग व निर्मळपणाची प्रत, नैसर्गिक की प्रयोगशाळेतला, प्रमाणपत्राचा क्रमांक, घडणावळ, कर आणि परतीच्या अटी हे सारे वेगवेगळे लिहिलेले असावे. फसगत झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनचा १९१५ हा दूरध्वनी क्रमांक आहे.

मुलीला दिलेली अंगठी, मग ती माहेरची असो वा सासरची, तिचे स्त्रीधन आहे. १९८५ साली सर्वोच्च न्यायालयाने प्रतिभा राणी खटल्यात स्त्रीधनावर स्त्रीचीच मालकी असते हे स्पष्ट केले. तेव्हा पावतीवर शक्यतो तिचेच नाव घालावे. पावती आणि प्रमाणपत्राची एक प्रत तिच्यापाशी, एक माहेरी असू द्यावी.

भगिनींनो, मुलीचे सुख अंगठीतल्या खड्याच्या वजनावर ठरत नाही. शिलकेतून झेपेल तर हिरा पाहून-पारखून घ्या. झेपत नसेल तर चार आणे भार सोन्याची साधी अंगठी करा, साखरेचा पुडा द्या, आणि उरलेले पैसे मुलीच्या नावाने पोस्टात ठेवा. पाटल्या मात्र हातातच असू द्या. पुढचा खरीप कसा येईल ते कुणी सांगावे ?